दोरीवरचे एकसष्ट शेले

ऐका बरं का, लहानांनो, आणि लहानांच्या मागे भिंतीला टेकून बसलेल्या मोठ्यांनो, तुम्हीसुद्धा. फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. एक होतं नगर. नगराला होता राजा. आणि नगराच्या खालच्या अंगाला, नदीच्या काठी, होती रंगाऱ्यांची आळी. त्या आळीत हैबती नावाचा रंगारी राहायचा. त्याची बायको सारजा. दोघांना एकुलती एक लेक, धुरपा.

हैबतीच्या हाताला गुण होता. सारजेच्या जिभेला धार होती. आणि धुरपाला खोड होती. खोड अशी की म्हातारं माणूस दिसलं की ही त्याच्यापुढं बसकण मारायची आणि विचारायची, "तुमच्या लहानपणी इथं काय होतं? त्याच्या आधी काय होतं? मग बदललं कधी?" एकीनं सांगितलेलं दुसरीला विचारायची, दुसरीनं सांगितलेलं तिसरीला. आणि ऐकलेलं सगळं ध्यानात ठेवायची.

सारजा वैतागायची. "अगं, भाकरी करपली! मेलेल्या माणसांची चौकशी करून कुणाची चूल पेटलीय का आजवर? बाकीच्या पोरी बघ, कापड पिळायला शिकल्या. तू काय शिकलीस? ठकूआजीच्या सासूचा स्वभाव!"

"वाईट होता हो स्वभाव," धुरपा म्हणायची.

"आता माझा बघशील!" आणि सारजा उलथनं उचलायची.

आता या आळीची एक रीत ऐका, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. आळीतल्या मुलीचं लग्न ठरलं की माहेरची माणसं तिच्यासाठी एक लाल शेला रंगवायची. मंजिष्ठेच्या मुळ्यांचा पक्का लाल. तो शेला तिनं लग्नाच्या दिवशी एकदाच पांघरायचा, मग घडी करून पेटीत ठेवायचा. धुवायचा नाही, उन्हाला दाखवायचा नाही. ती गेली की शेला लेकीकडे किंवा सुनेकडे जायचा. असे आजीचे, पणजीचे शेले आळीतल्या घराघरांत पेटीच्या तळाशी निजलेले असायचे.

दुसरी रीत राजाच्या निशाणाची. दर दसऱ्याला राजवाड्यावर नवं लाल निशाण चढायचं, आणि ते रंगवायचा मान याच आळीचा. दरवर्षी एका घराची पाळी. त्या मानापोटी आळीला जमीन होती, घरं होती, नगरात पत होती.

आणि मग एका साली काय झालं, शेजारचा राजा पाहुणा म्हणून आला. जेवला, पान खाल्लं, गच्चीवर गेला आणि वर बघून हसला. म्हणाला, "राजे, निशाण गेरूनं सारवलंय वाटतं? आमच्याकडे अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्याला हाच रंग असतो."

राजाच्या तोंडातला विडा कडू झाला. पाहुणा गेल्यावर त्यानं जामदारखान्यातली जुनी पेटी उघडायला लावली. आत त्याच्या पणजोबांच्या निशाणाचा एक तुकडा होता. काढला, तर डाळिंबाचे दाणे सांडावेत तसा लाल! वर फडकत होतं ते निशाण त्याच्यापुढं भाजलेल्या विटेसारखं दिसू लागलं.

राजानं आळीतल्या पंचांना बोलावलं. पंचांमध्ये मोठे गोंदाजी. पांढऱ्या मिशा, भारी आवाज. राजा म्हणाला, "येत्या दसऱ्याला मला हा लाल हवा. नाही आला, तर निशाणाचा मान परमुलखातल्या रंगाऱ्यांना जाईल. आणि यंदा ज्या घराची पाळी आहे, त्या घरानं नगर सोडायचं."

यंदा पाळी होती हैबतीची.

आळीत रडारड झाली, पण नवल कुणालाच वाटलं नाही. कारण सगळ्यांना एक गोष्ट पाठ होती. गोंदाजी ती नेहमी सांगायचे. "आपले थोरले मल्हारबा, त्यांच्यासारखा रंगारी झाला नाही. मंजिष्ठ, हिरडा, तुरटी, तेल, हे सगळ्यांना ठाऊक. पण हंड्यात आणखी एक वस्तू पडायची, ती एकट्या मल्हारबांना ठाऊक. शिष्यांवर रागावले आणि गुपित पोटात घेऊन मेले. तेव्हापासून लाल गेला."

म्हणून गेली पन्नास वर्षं आळीतला जो तो हंड्यात काही ना काही टाकून बघत होता. कुणी डाळिंबाची साल टाकली, कुणी हळकुंड टाकलं. गोंदाजींनी स्वतः डोंगरावरून सात पाले आणले, कापड हिरवट झालं. एकानं गुळाची अख्खी ढेप टाकली. लाल आला नाही, मुंग्या मात्र आल्या, आणि नवरीच्या शेल्यापर्यंत आल्या.

हैबतीही कामाला लागला. महिना गेला, दोन महिने गेले. रोज नवं काही टाकायचं, रोज तीच वीट बाहेर यायची. मंजिष्ठ संपत आली. सारजेची जीभ गप्प झाली, आणि घरातली ती शांतता धुरपाला शिव्यांपेक्षा जड वाटू लागली.

एके सकाळी ती बापाजवळ जाऊन बसली. "बाबा, लाल गेला म्हणतात. पण गेला कधी?"

"मल्हारबा गेले तेव्हा."

"ते कधी गेले?"

"माझ्या जन्माआधी. मला काय ठाऊक?"

"मग कुणाला ठाऊक?"

हैबतीनं हंडा ढवळता ढवळता मान वर केली. पन्नास वर्षं सगळ्यांनी काय हरवलं ते सांगितलं होतं, कधी हरवलं ते कुणी विचारलंच नव्हतं.

धुरपा दारोदार फिरली. "मावशी, तुमचा लग्नाचा शेला वाळवणाच्या मैदानात आणा. सासूचाही आणा. आजेसासूचा असेल तर तोही. झाडाच्या सावलीत ठेवू, ऊन लागू देणार नाही."

बायका आधी नाक मुरडत होत्या. पण दुसरीचा शेला बघायला मिळणार म्हटल्यावर कोण घरी बसतंय? दुपारपर्यंत मैदानात जत्रा झाली. वडांच्या रांगेत धुरपानं एक लांब दोर बांधला होता. ती म्हणाली, "जिचं लग्न आधी, तिचा शेला आधी."

लिहिता कुणालाच येत नव्हतं, साल आकड्यानं कुणी ओळखत नव्हतं. आळीत सालांना नावं होती. पूल वाहून गेला ते साल. राजाचा हत्ती माजला ते साल. टोळधाडीचं साल. धुरपा एकेकीला विचारू लागली, आणि मग जो गलका उठला म्हणता!

"माझ्या लग्नात टोळ आले. पंगतीत भातावर टोळ पडले होते."

"तुझ्या नव्हे गं, तुझ्या जावेच्या! तुझ्या लग्नात फक्त तुझा मामा पडला होता, मांडवातून."

"आणि सासूबाईंचं लग्न हत्ती माजायच्या आधी की नंतर?"

"आधी. हत्तीनं मोडला तो मांडव त्यांच्या धाकट्या बहिणीचा."

धुरपा एकीच्या बोलण्यावर शेला टांगत नव्हती. दोघी-तिघींच्या आठवणी जुळल्या की मगच दोरीवर चढवायची, नाही जुळल्या तर बाजूला ठेवायची. दिवस कलायला आला तेव्हा दोरीवर एकसष्ट शेले होते, शंभर वर्षांच्या नवऱ्या ओळीनं उभ्या असाव्यात तसे.

बायका मागे सरून बघू लागल्या.

सगळ्यात जुने शेले सगळ्यात लाल होते! पणज्यांचे शेले कुंकवासारखे पेटलेले. तशीच लाली पुढं, पुढं, टोळधाडीच्या सालापर्यंत. आणि टोळधाडीच्या पुढचा पहिलाच शेला विटेचा. त्याच्यापुढचे सगळे विटेचे. मध्ये फिका नाही, मध्यम नाही. रंग हळूहळू उतरला नव्हता, सुरीनं कापल्यासारखा एका साली तुटला होता.

पेट्यांमध्ये हे शेले कायम होते. पण दोन शेले कुणी कधी शेजारी ठेवून बघितलेच नव्हते.

गोंदाजी काठी टेकत आले. त्यांनी दोरीकडे पाहिलं आणि मिशीवरून हात फिरवला. "यात नवीन काय? मी हेच तर सांगतोय. त्याच साली मल्हारबा गेले."

"गोंदाजीकाका, तुम्ही होता तेव्हा?"

"मी पाळण्यात होतो. पण सगळं जग सांगतं!"

धुरपा वाद घालत बसली नाही. विटेच्या रंगाचा तो पहिला शेला कुणाचा होता, तर ठकूआजीचा. आणि ठकूआजी म्हणजे मल्हारबांची सख्खी नात. म्हातारी मैदानात आलीच नव्हती, शेला सुनेच्या हाती पाठवून गुडघे धरून अंगणात बसली होती. धुरपा शेला घेऊन तिच्याकडे गेली.

"आजी, हा तुमचा ना? कुणी रंगवला?"

"कोण रंगवणार? माझ्या आजोबांनी, स्वतःच्या हातानं."

"मल्हारबांनी?"

"नाही तर काय तुझ्या बापानं? तो जन्मला तरी होता का?" म्हातारीनं शेला मांडीवर घेतला. "हंड्यातून काढला आणि आजोबा मटकन खाली बसले. रडले गं. म्हणाले, ठकू, सगळं तेच टाकलं, तसंच टाकलं, तरी असा का झाला? त्यानंतर दोन वर्षं जगले, पण लाल काही त्यांना पुन्हा गवसला नाही."

म्हणजे मल्हारबा गुपित घेऊन गेले नव्हते. गुपित त्यांच्याजवळही नव्हतं! त्यांच्या डोळ्यांदेखत लाल गेला होता आणि त्यांनाही कळलं नव्हतं कसा. रागाची, शिष्यांची गोष्ट मागाहून कुणीतरी जोडली होती.

"आजी, त्या साली दुसरं काय झालं? टोळधाडीनंतर, तुमच्या लग्नाआधी?"

"आग लागली. आपली वस्ती तेव्हा वर माळावर होती ना. गवताची छपरं. एका दुपारीत राख. राजानं दया करून ही नदीकाठची जागा दिली. दसऱ्याचं निशाण फिकं निघालं, तर म्हणाला, बिचाऱ्यांची घरं जळलीत, यंदा चालवून घ्या. आणि चालवून घेतलेलं चालूच राहिलं बाई."

"खाली येताना तिथलं काय मागं राहिलं?"

"काही नाही. आजोबांनी हंडे आणले, घोटणे आणले. चुलीचे दगडसुद्धा तेच आणले, हाताला सवय म्हणून. विहीर तेवढी आणता येत नाही, ती राहिली. राहिली ते बरंच झालं! मेलं काय ते पाणी! डाळ म्हणून शिजायची नाही त्यात. सासू म्हणायची सून आळशी, सून म्हणायची डाळ जुनी. इथं नदीचं गोड पाणी आलं आणि घराघरातली भांडणं मिटली."

धुरपा ताडकन उठली, शेला म्हातारीच्या मांडीवर तसाच राहिला.

तरी ती लगेच ओरडत सुटली नाही. आणखी दोन म्हाताऱ्यांना तिनं वेगवेगळं गाठलं, ठकूआजीचं नाव न घेता नुसतं विचारलं, "माळावरचं पाणी कसं होतं?" एक म्हणाली, "डाळीला वैरी." दुसरी म्हणाली, "रिठ्याला फेस यायचा नाही, केस चिकट व्हायचे." तीन तोंडांतून एकच पाणी निघालं, तेव्हा ती बापाकडे धावली.

बातमी आळीभर झाली आणि पंच हसले. गोंदाजी तर खोकेपर्यंत हसले. "अगं पोरी, रंग मुळीत असतो, तुरटीत असतो. पाण्यात काय असतं? पाणी ते पाणी! आणि गोड पाण्यात जे जमलं नाही, ते त्या मचूळ पाण्यात जमणार? हैबती, दसऱ्याला आठ दिवस राहिलेत. म्हाताऱ्यांच्या डाळीवर घर पणाला लावतोस?"

हैबतीकडे एका निशाणापुरती मंजिष्ठ उरली होती. एकदाच जमेल इतकी. चुकला तर बिऱ्हाड पाठीवर. त्यानं दोरीवरच्या शेल्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "काका, पन्नास वर्षं आपण हंड्यात काय टाकायचं तेच शोधतोय. हंड्यात आधीपासून काय होतं, हे या पोरीनं पहिल्यांदा विचारलं. मी माळावर जातो."

सारजेनं पदर खोचला. "जातो काय? जाऊ या. कोयता मी घेते."

माळावर बोरी-बाभळींचं रान माजलं होतं. दोन दिवस तिघं झुडपं तोडत होती, तिसऱ्या दिवशी विहीर सापडली. काठावर पांढरट खडक, चुन्यासारखा बोटाला लागणारा. पाणी नितळ होतं, पण खडकाचा चुना त्यात मुरलेला.

धुरपानं आधी रंग शिजवू दिला नाही. तिनं तिथंच तीन दगड मांडले, पाणी भरलं आणि मूठभर तुरीची डाळ टाकली. सकाळी चढवलेली डाळ दुपारी खडा. ऊन कललं तरी खडा. धुरपानं दाणा दाताखाली धरला, कट्ट वाजला, आणि ती टाळ्या पिटून नाचायला लागली.

वाटेनं एक गुराखी चालला होता. तो सारजेला म्हणाला, "बाई, पोरीला काय झालं?"

"काही नाही," सारजा म्हणाली, "डाळ शिजली नाही, म्हणून आनंद झालाय."

गुराख्यानं गुरं जरा लांबून हाकली.

मग हैबतीनं हंडा मांडला. तेच तेल, तोच हिरडा, तीच तुरटी, तीच मंजिष्ठ. नवीन काहीही नाही. विस्तव मंद ठेवला. दिवसभर तिघं हंड्याभोवती बसून होती. उन्हं कलायच्या आत हैबतीनं काठीनं कापड उचललं आणि विहिरीतून काढलेल्या पाण्याच्या धारेखाली धरलं.

मळकं पाणी वाहून गेलं. खालून लाल आला. डाळिंबाचा लाल! पेटीतल्या पणज्यांचा लाल!

हैबतीनं कापड दोन्ही हातांनी उजेडात धरलं. सारजेनं तोंडावर पदर घेतला. आणि धुरपा इतकंच म्हणाली, "मल्हारबांना हे दिसायला हवं होतं."

दसऱ्याच्या दिवशी निशाण चढलं. पाहुणा राजाही आला होता, आणखी एकदा हसायला. वारा सुटला, कापड उलगडलं, आणि खाली उभ्या हजारो माणसांच्या माना वर झाल्या. राजानं पणजोबांचा तुकडा हातात धरला होता. वर पाहिलं, खाली पाहिलं. काडीचा फरक नव्हता. पाहुण्यानं हळूच विचारलं, "तुमचे रंगारी आमच्याकडे येतील का हो?"

"तुळशीचे कट्टे रंगवायला?" राजा म्हणाला. "नाही येणार."

मग राजानं हैबतीला पुढं बोलावलं. "शाबास! कोणती वस्तू टाकलीस?"

"सरकार, काहीच टाकलं नाही, पाणी तेवढं माळावरच्या जुन्या विहिरीचं घेतलं. हात माझे, पण शोध माझ्या लेकीचा." आणि त्यानं धुरपाला पुढं केलं.

राजानं विचारलं, "पोरी, तू रंग शिकलीस?"

"नाही सरकार. मी मागचं शिकले. आधी कसं होतं, कोणत्या साली बदललं, आणि त्याच साली दुसरं काय बदललं, एवढंच विचारत गेले. कुणी सांगितलं म्हणून मानलं नाही, ताडून पाहिलं."

तेवढ्यात गर्दीतून काठी वाजली. गोंदाजी पुढं आले. सगळ्यांना वाटलं, म्हातारा आता मान मागणार. पण त्यांनी डोक्यावरची पगडी नीट केली आणि म्हणाले, "सरकार, जन्मभर मी एक खोटी गोष्ट खरी म्हणून सांगत आलो. त्या गोष्टीनं आम्हाला नको तिथं शोधायला लावलं. या पोरीनं आमच्या थोरल्यांच्या नावावरचा डाग धुतला. मान हिचाच."

राजानं मान डोलावली. "माझ्या दरबारात उद्या काय होणार ते सांगणारे सात जोशी आहेत. काल काय झालं ते नीट सांगणारा एकही नाही. नदीचा घाट दर चार वर्षांनी ढासळतो, उत्तरेच्या गावांत तंटे मिटत नाहीत, आणि आम्ही नुसतं नवं नवं टाकत बसतो. धुरपा, आजपासून तू दरबारात बसायचं. राज्यात काही बिघडलं की ते कधीपासून बिघडलं, हे शोधायचं काम तुझं."

आणि तसंच झालं. दोन वर्षांत घाट का ढासळतो ते तिनं शोधून काढलं, पाच वर्षांत उत्तरेचे तंटे मिटवले. राजानं माळ आणि विहीर आळीला कायमची लिहून दिली. आळीचे हंडे पुन्हा वर चढले, चार मुलखांतून लाल कापडाला मागणी आली. गोंदाजींनी निशाणाची पाळी मोडली आणि तो मान कायमचा हैबतीच्या घराला दिला. धुरपाला स्वतःच्या नावावर वाडी मिळाली, बसायला दरबारात जागा मिळाली, आणि आळीतल्या आया आपापल्या मुली तिच्याकडे शिकायला पाठवू लागल्या. हैबती आणि सारजा लेकीचं कौतुक ऐकत पिकल्या पानासारखी सुखानं म्हातारी झाली. धुरपाच्या घरात धान्याला, माणसांना आणि मानाला त्यानंतर कधी तोटा पडला नाही.

बोध: मागं काय घडलं हे जो नीट विचारून, ताडून शिकतो, त्याचं पुढचं कधी अडत नाही.